बसऱ्याला गेलेला माणूस

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आजचा भाग थोडा घरचा आहे. म्हणजे विषय पहिल्या महायुद्धाचा आहे, पण सुरुवात आमच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या घरात, चुलीजवळ होते.

आमचं गाव नेसरीच्या वाटेवर. नेसरी म्हटलं की तुम्हाला लगेच आठवतील प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार. १६७४ ची गोष्ट. सात माणसं बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेली, सातही पडली. आज तिथं स्मारक आहे, सहली येतात, पोरं सेल्फी काढतात. साडेतीनशे वर्षं झाली तरी ती सात माणसं आमच्या भागात अजून जिवंत आहेत.

आता दुसरा प्रश्न. याच भागातून, याच गावांतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोरं बोटीत बसून आजच्या इराकमध्ये लढायला गेली. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल?

मलाही येत नव्हतं. आणि त्यातला एक आमच्या घरातला होता.

तो माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं : "त्यो बसऱ्याला गेल्याला." लहानपणी मला वाटायचं, बसरा म्हणजे बेळगावच्या पलीकडचं एखादं गाव असेल. जाऊन आला असेल बाजाराला.

गेल्या वर्षी सुट्टीत गेले तेव्हा आज्जीला नीट विचारलं. आज्जी आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे. ती म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा थोरल्या आत्ती हुत्या की घरात. त्येची बायकू. कपाळावर ही एवढं कुकू." थोरल्या आत्ती म्हणजे आज्जीची चुलत सासू. नवरा गेला तेव्हा ती असेल चौदा-पंधरा वर्षांची. आज्जी लग्न होऊन आली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. मधल्या चाळीस वर्षांत, आज्जीच्या शब्दांत, "पत्र आलं न्हाई, पैसं आलं न्हाईत, माणूस आलं न्हाई."

मेल्याची बातमी नाही म्हणून कुंकू पुसलं नाही. आल्याची बातमी नाही म्हणून काही बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही गुपचूप टाळायच्या. बाई सवाष्ण की विधवा, हे गावाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

आज्जी म्हणाली, "कुणाला ठाव? आत्ती कशाला नाव घेतील नवऱ्याचं? आणि आमी थोरल्यांचं नाव घ्यायचं न्हवतं."

तिथून हा भाग सुरू झाला.

अकरा रुपयांची नोकरी

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फ्रान्समधले खंदक, चिखल, काटेरी तारा. सिनेमांनी तेच दाखवलंय. आमच्याकडची जुनी माणसं त्याला 'जर्मनची लढाई' म्हणायची. पण आपल्याकडच्या बहुतेक शिपायांनी त्या लढाईत जर्मन माणूस क्वचितच पाहिला. त्यांच्यासमोर होते तुर्क. आणि मैदान होतं मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं. हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या फौजेतला सगळ्यांत मोठा वाटा तिथंच गेला होता.

का? तर तेल. इराणमधल्या अबादानला तेलशुद्धीकरणाचा कारखाना होता आणि ब्रिटिश आरमाराला ते तेल हवं होतं. शेजारी बसरा बंदर तुर्कांच्या ताब्यात. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरलं आणि ६ नोव्हेंबर १९१४ ला हिंदुस्थानातून गेलेली फौज फाओच्या किनाऱ्यावर उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा हातात आलं.

ही फौज होती सहावी डिव्हिजन. तिचं दुसरं नाव ऐका : पूना डिव्हिजन. होय, आपलं पुणं. तिच्यात पुढं तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. बाकी पंजाबी, राजपूत, गुरखा आणि काही गोऱ्या पलटणी. बेळगावात आज जे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे ना, आमच्या गडहिंग्लजहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, त्या रेजिमेंटचे हे पूर्वज.

आता पोरं गेली का, हा प्रश्न. कुणी म्हणेल शौर्य. कुणी म्हणेल जबरदस्ती. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण साधं गणित बघा. पलटणीतल्या शिपायाला महिन्याला अकरा रुपये मिळायचे. जमीन कोरडवाहू, भाऊ चार, पाऊस बेभरवशाचा. घरातल्या एकानं पलटणीत जायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मनीऑर्डरीवर बी-बियाणं घ्यायचं, सावकाराचं व्याज भागवायचं. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं आणि शाहू महाराजांनी भरतीला मदत केली होती. मराठ्यांना पुन्हा लष्करात मानाची जागा मिळावी, हा त्यामागचा एक विचार. टिळकांचं म्हणणं थोडं वेगळं होतं : भरती होऊ दे, पण बरोबरीच्या नात्यानं, नुसते शिपाई म्हणून नव्हे. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननं युद्धपरिषद भरवली. टिळक स्वराज्याचा मुद्दा काढायला लागले, त्यांना मधेच थांबवलं, आणि ते उठून बाहेर पडले.

पण हे सगळं नंतरचं. १९१४-१५ मध्ये गावातून निघालेल्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला अकरा रुपये माहीत होते.

बगदाद चाळीस किलोमीटरवर

सुरुवातीला सगळं सोपं गेलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाला मोठी लढाई झाली, तुर्क हटले. मग कुर्ना, मग अमारा, सप्टेंबरात कूत. तैग्रिस नदीच्या काठानं फौज वर वर सरकत गेली. सेनापती होता मेजर जनरल टाउनशेंड. दिल्ली-सिमल्याला आणि लंडनला वाटायला लागलं, आता बगदादच घेऊन टाकू.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बसऱ्यापासून बगदाद नदीवाटेनं शेकडो मैल. रस्ते नाहीत, रेल्वे नाही. सगळा दाणागोटा, दारूगोळा, औषधं नदीतल्या बोटींवर. आणि बोटी पुरेशा नव्हत्या. फौज पुढं जात होती, तिचं पोट मागं राहत होतं.

२२ नोव्हेंबर १९१५. बगदाद साधारण चाळीस किलोमीटरवर राहिलं असताना टेसिफॉनला गाठ पडली. तिथं इराणच्या जुन्या बादशहांच्या राजवाड्याची एक प्रचंड कमान आजही उभी आहे. त्या कमानीच्या आसपास झालेल्या लढाईत टाउनशेंडच्या फौजेची सुमारे ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. दहा-बारा हजारांच्या लढाऊ फौजेत!

आणि जखमींचं काय झालं? हे ऐकायला जड आहे, पण ऐका. रुग्णगाड्या नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत, दगड-धोंड्यांवरून, मोडलेल्या हाडांची माणसं मैलोन् मैल नेली. मग बोटीच्या उघड्या डेकवर एकमेकांना चिकटून निजवली. बसऱ्याला कार्टर नावाचा एक लष्करी डॉक्टर अशा एका बोटीची वाट बघत होता. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेनं दोरखंड लोंबताहेत. बोट जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना हलताच येत नव्हतं, हलवायला कुणी नव्हतं. कार्टरनं हे वर कळवलं तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली.

या कार्टरला विसरू नका. त्याच्या त्या अहवालाचं पुढं काय झालं, ते सांगते.

कूत : १४७ दिवस

टेसिफॉनहून फौज मागं फिरली आणि ३ डिसेंबरला कूतला येऊन थांबली. कूतला तैग्रिस असं वळण घेते की गाव तीन बाजूंनी पाण्यात. आपल्याकडं महापुरात काही गावांना नदी घेरते ना, तसं. चौथी बाजू तुर्कांनी बंद केली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पूर्ण झाला. आत साधारण तेरा हजार लष्करी माणसं आणि शिवाय गावचे रहिवासी.

टाउनशेंडला वाटलं, महिना-दोन महिन्यांत सुटका होईल. बाहेरून सुटकेसाठी फौज आलीही. पुन्हा पुन्हा आली. थंडी, पाऊस, गुडघाभर चिखल, आणि समोर तुर्कांचे खंदक. आतल्या तेरा हजारांना सोडवायच्या प्रयत्नात बाहेरची सुमारे तेवीस हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. हे गणित कुठल्याही हिशेबाच्या वहीत बसत नाही.

आत काय चाललं होतं? आधी भाजी संपली. मग तूप, डाळ. मग घोडे आणि खेचरं कापायला काढली. गोऱ्या शिपायांनी खाल्लं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नकार दिला.

आता आपण मोबाइलवर हे ऐकताना म्हणू, अरे, जीव जातोय, खा की! हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तीही आली. तरी पोरं मानेनात. त्यांची भीती वेगळी होती : इथं परवानगी आहे हो, पण गावात गेल्यावर? वाळीत टाकतील. घरातल्या पोरींना कोण करून घेणार? म्हणजे बघा, मरणाच्या दारात बसलेला माणूस हजारो मैलांवरच्या आपल्या गावच्या चावडीचा विचार करत होता. तो गावी परत जाणार हे त्यानं धरून चाललेलं होतं.

शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी घोड्याचं मांस खायला सुरुवात केली. पण तोवर हिरड्या सडवणारा स्कर्व्ही पसरला होता. शेवटच्या दिवसांत माणशी पीठ मिळायचं सव्वाशे ग्रॅमच्या आत. आपल्या मापानं एक भाकरी. दिवसाला.

वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून अन्न टाकायचा जगातला पहिला मोठा प्रयोग इथंच झाला. पीठ दळायला जात्याचा दगडसुद्धा वरून टाकला. पण विमानं इवलीशी, बऱ्याच गोण्या नदीत पडल्या, काही तुर्कांच्या हद्दीत. मग ब्रिटिशांनी तुर्क सेनापती खलील पाशाला पैसे देऊ केले. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. ही बोलणी करायला गेलेल्यांत एक टी. ई. लॉरेन्स होता, तोच तो, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. खलीलनं पैसे नाकारले.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. तेरा हजारांवर माणसं कैद झाली, त्यातली दहा हजारांवर आपली. आणि या दहा हजारांत सगळे बंदूकवाले नव्हते. तीन हजारांवर होते पखालवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, सफाईवाले, जखमींना उचलणारे. युद्धाच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एकच शब्द असतो : फॉलोअर्स. म्हणजे मागून येणारे.

दोन वाटा

कूतच्या तळावरून पुढं दोन वाटा फुटल्या.

एक वाट जनरल टाउनशेंडची. त्याला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर मानानं ठेवलं. बंगला, नोकर, समुद्राची हवा.

दुसरी वाट शिपायांची. अंगात रक्त नाही, पायात बूट नाहीत, अशी माणसं मे-जूनच्या उन्हात वाळवंटातून चालवत नेली. समारापर्यंत थोडी रेल्वे होती, पुढं तिक्रित, मोसुल, आणि पुढं रास-अल-ऐन. वाटेत जो बसला तो बसला. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. माती खणा, खडी फोडा, रूळ टाका.

गोऱ्या शिपायांपैकी दर दहातले सहा-सात कैदेतून परतले नाहीत, हा हिशेब लागला. हिंदी शिपायांचा हिशेब कधीच नीट लागला नाही. मेल्याची नोंद असलेले हजारावर, आणि त्यांच्याही वर असे, ज्यांच्यापुढं फक्त 'पत्ता लागला नाही' एवढंच.

आमच्या थोरल्या आत्तींचा नवरा कदाचित या दुसऱ्या वाटेवर असेल. कदाचित त्याआधीच टेसिफॉनला किंवा बोटीच्या डेकवर संपला असेल. पत्र आलं नाही एवढं खरं. आणि यायचं तरी कसं? त्याला लिहिता येत नव्हतं. बायकोला वाचता येत नव्हतं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ मध्ये. हा पोरगा त्याच्या आधीच्या पिढीतला.

याच कूतमध्ये कैद झालेला एक बंगाली तरुण होता, शिशिर सर्वाधिकारी. रुग्णपथकातला, शिकलेला. त्यानं पुढं 'अभी ले बगदाद' नावाचं पुस्तक लिहिलं, म्हणून रास-अल-ऐनमध्ये हिंदी कैद्यांवर काय गुदरलं ते आज आपल्याला समजतं. आमच्याकडच्या पोरांनी काय पाहिलं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

कूतचा हादरा दिल्लीपर्यंत

आता त्या कार्टर डॉक्टरकडं परत येऊ.

कूत पडल्यावर लंडनमध्ये बोंब झाली. चौकशी समिती नेमली, मेसोपोटेमिया कमिशन. कार्टरचं म्हणणं तिथं पुढं आलं. जून १९१७ मध्ये अहवाल छापून आला आणि त्यात हिंदुस्थान सरकारची लाज निघाली. पुढच्याच महिन्यात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला. त्याच्या जागी आला मॉण्टेग्यू. आणि याच मॉण्टेग्यूनं २० ऑगस्ट १९१७ ला जाहीर केलं की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देऊ.

शाळेत आपण 'मॉण्टेग्यूची घोषणा' पाठ करतो. दोन गुणांना येते. त्या घोषणेमागं होमरूलची चळवळ होती, टिळक होते, बेझंट बाई होत्या, हे बरोबर. पण मॉण्टेग्यू त्या खुर्चीवर बसला तो कूतमुळं, हे पुस्तकात कुणी सांगत नाही. एक भाकरीवर दिवस काढणाऱ्या पोरांचाही त्या घोषणेत वाटा आहे.

आणि देशाला या युद्धाची किंमत काय पडली? हिंदुस्थानातून साधारण तेरा लाख माणसं या युद्धाच्या कामी गेली, चौऱ्याहत्तर हजारांवर मेली. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला दहा कोटी पौंडांची 'भेट' दिली. भेट! कर भरणाऱ्याला विचारलं होतं का? धान्य महागलं, कापड महागलं, रॉकेल मिळेना. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात साथीचा ताप उतरला. सैनिकांच्या बोटींबरोबर जगभर फिरणारा इन्फ्लुएंझा. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या दुसऱ्या लाटेत गावंच्या गावं आडवी झाली. देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे रणावर मेलेल्या प्रत्येक शिपायामागं घरी दीडशेहून जास्त माणसं तापानं मेली. युद्ध ज्यांनी पाहिलंही नाही, अशी माणसं.

बदल्यात मिळालं काय? मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा. १३ एप्रिलला जालियनवाला बाग.

आणि एक गोष्ट, जी आपण मराठीत तरी स्पष्ट बोलली पाहिजे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती' नावाचं खूळ काढलं आणि महार समाजाची भरती बंद केली होती. युद्धात माणसं कमी पडली तसं १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो. पुढं दुसरं महायुद्ध पेटल्यावर पुन्हा आठवण झाली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कुठं? आमच्या शेजारी, बेळगावला.

भिंतीवरचा आकडा

आता नावांबद्दल.

तुमच्या गावात जुनी चावडी असेल, वेस असेल, देवळाची किंवा शाळेची जुनी भिंत असेल, तर जाऊन बघा. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत संगमरवराची एक छोटी पाटी बसवलेली आहे. सगळीकडं मजकूर साधारण तोच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक आकडा बदलतो, वाक्य बदलत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे तर ४६ जवान या युद्धात पडले असं सांगतात. त्या गावाचं नावच पुढं अपशिंगे मिलिटरी झालं.

पाटीवर आकडा आहे. नावं नाहीत.

बरं, मग बसऱ्याला तरी? तिथं मोठं स्मारक आहे, १९२९ मध्ये उघडलेलं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी. भिंतींवर गोऱ्यांची नावं आहेत, अगदी साध्या शिपायांचीसुद्धा. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. आणि हिंदी शिपायांच्या जागी? पलटणीचं नाव, आणि पुढं : आणखी इतके शिपाई.

पुन्हा आकडा.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत, पण युद्धात गेलेल्यांच्या मानानं ती किती थोडी, ते तुम्हीच बघा. बसऱ्याचं ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं.

२०२१ मध्ये या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच एक अहवाल काढला. त्यात कबूल केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाख मृतांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही, काहींची तर मुळीच नाही. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी.

पण इथं एक चांगली बातमी आहे, आणि तुमच्या हातातल्या फोनचं त्यात काम आहे. भिंतीवर आकडा असला तरी बऱ्याच जणांची नावं कागदावर होती, आणि ती आता कमिशनच्या वेबसाइटवर आहेत. शोधून बघा. पलटण टाका : १०३, ११०, ११७ मराठा. काही नोंदींत बापाचं नाव असतं, बायकोचं असतं, गाव-तालुका असतो. स्पेलिंगचा भरवसा धरू नका. इंग्रज कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. गडहिंग्लजचं काय काय केलं असेल, तुम्हीच कल्पना करा.

हेळव्याची वही

माझी अडचण मात्र वेगळी होती. मला शोधायला नावच नव्हतं.

आज्जीला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "मग हेळव्याला इचार की."

बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते. आमच्या सीमाभागात हेळवी येतात. कर्नाटकातली भटकी मंडळी. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांच्या घरांच्या वंशावळी सांभाळतात. पूर्वी बैलावरून यायचे, आता टेम्पोनं, मोटरसायकलवरून येतात. सुगी झाली की दारात उभे राहतात, वही उघडतात आणि तुमच्या मूळ पुरुषापासून खाली वाचत येतात. त्यांना धान्य द्यायचं, जमलं तर कपडा. लहानपणी आम्हा पोरांना ती करमणूक वाटायची.

यंदा सुगीला ते आले तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. सोप्यात घोंगडं अंथरलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, कानडी वळणाच्या मराठीत, एका सुरात. अमक्याचा अमका, त्याचे पोटी तिघं. खापरपणजोबांचं नाव आलं. मग त्यांच्या मुलांची. पहिलं नाव वाचलं आणि ते न थांबता दुसऱ्यावर गेले, कारण पहिल्याच्या पुढं वंश नव्हता, वाचायला काही नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, थांबा. पहिलं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

ते नाव मी इथं सांगत नाही. घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. आज्जी जात्याच्या खुंट्याला टेकून बसली होती. पदर डोक्यावर ओढला तिनं, थोरल्या दिराचं-सासऱ्याचं नाव ऐकल्यावर ओढतात तसा. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, ते नाव एकदा म्हणून बघितलं.

रात्री मी वेबसाइटवर शोधलं. त्या नावाचे आणि मराठा पलटणींतले तिघं निघाले. दोघांच्या नोंदीत गाव नाही. एकाच्या नोंदीत गावाचं जे स्पेलिंग आहे ते आमचं असू शकतं किंवा कोकणातलं एखादं असू शकतं. यातला आमचा कोण, हे अजून लागलेलं नाही. लागलं तर पुढच्या एखाद्या भागात सांगेन.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटीला निघाले तेव्हा गडहिंग्लजच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळत होती. फुटबॉलचं गाव आमचं, पण पहाटे पाचला मैदान भरतीवाल्यांचं असतं. कुणी घड्याळ धरून उभं, कुणी गोळा फेकतंय. त्यांना मी काय सांगणार? जाऊ नका असं सांगायला मी बसलेली नाही. कोरडवाहू जमीन तीच आहे आणि घरातलं गणितही फारसं बदललेलं नाही. एवढंच वाटलं, की यांच्यातल्या प्रत्येकाचं नाव गावातल्या कुणाला तरी माहीत असावं. जाताना आणि येतानाही.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावात ती संगमरवरी पाटी असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री जेवताना विचारा : आपल्यातलं कोण गेलं होतं? नाव काय होतं त्याचं? उत्तर 'कुणाला ठाव' असं आलं तर तिथं थांबू नका. हेळव्याला विचारा, तीर्थाच्या ठिकाणी नामावळ सांभाळणाऱ्या पुरोहिताला विचारा, जमिनीच्या जुन्या वारसनोंदी काढा.

आम्ही ती नावं आणि फोटो एकत्र करतोय. ज्यांची नावं सापडतील ती पुढच्या एका भागात नुसती वाचून दाखवायचा विचार आहे. संगीत नाही, काही नाही. तुम्ही पाठवाल तेवढी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.